शंभरपर्यंत मोजणारा मुलगा आणि "तीन दे": एक प्रकरण अभ्यास

मुलगा साडेचार वर्षांचा. ऑटिझमचं निदान तिसऱ्या वर्षी झालेलं, कान-डोळे तपासून झालेले, दोन्ही ठीक. घरात आई, बाबा आणि आजी. ओळख पटू नये म्हणून घरचे तपशील थोडे बदललेत.

माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या फाइलमध्ये दोन वाक्यं एकाखाली एक होती. वरचं, "१ ते १०० म्हणतो, सगळी अक्षरं ओळखतो, पाट्या वाचतो". खालचं, "सूचना पाळत नाही, अ‍ॅक्टिव्हिटीत भाग घेत नाही". वरचं वाचून सगळे खूश व्हायचे, खालचं वाचून मुलगा हट्टी आहे असं ठरवून मोकळे व्हायचे, आणि ही दोन्ही वाक्यं एकाच गोष्टीबद्दल असू शकतात हे कुणी बोलतच नव्हतं. आईने मात्र पहिल्याच भेटीत नेमकं तेच विचारलं, "मॅडम, शंभरपर्यंत येतं ना त्याला, मग तीन चमचे आण म्हटलं की सगळा स्टँडच का उचलून आणतो?"

हे पुढचं सगळं त्या प्रश्नाचं उत्तर शोधतानाचं काम आहे.

आधी काय बघितलं

पहिले काही दिवस शिकवायला घेतलंच नाही, फक्त बघितलं. सात ठोकळे ओळीत मांडले की तो बोट लावत एक, दोन, तीन करत सातपर्यंत व्यवस्थित जायचा, बोट आणि आकडा बहुतेक वेळा जुळायचे. मग "किती?" विचारलं की परत एकपासून सुरू. परत "किती?", परत एकपासून. म्हणजे "किती" हा त्याच्यासाठी "म्हणून दाखव" असा आदेश होता, त्याचं उत्तर एक आकडा असतो हे त्याच्या गावीच नव्हतं. मग ठोकळ्यांचा डबा पुढे ठेवून "मला एक दे" म्हटलं, एक दिला. "दोन दे" म्हटलं, मूठभर दिले. "तीन दे", मूठभर. "पाच दे", तीच मूठ.

ही "इतके दे" वाली पद्धत मानसशास्त्रज्ञ कॅरन विन यांच्या १९९० च्या अभ्यासामुळे प्रसिद्ध झाली आणि माझ्या मते लहान मुलाच्या गणिताबद्दल ती जेवढं सांगते तेवढं दहा वर्कशीटं सांगत नाहीत. त्याच्या आधी १९७८ मध्ये गेलमन आणि गॅलिस्टेल यांनी मोजणीची पाच तत्त्वं मांडली होती, त्यातलं एक असं की मोजताना शेवटी आलेला आकडा म्हणजे त्या अख्ख्या समूहाची संख्या. आपल्याला हे इतकं सहज वाटतं की हे वेगळं शिकायचं असतं हेच विसरायला होतं. कुठलंही मूल आधी आकडे म्हणायला शिकतं आणि ते कळायला नंतर लागतात, साधारण अडीच ते चारच्या दरम्यान मुलं आधी फक्त "एक" नीट देणारी असतात, मग "दोन", मग "तीन", आणि मग कधीतरी सगळंच एकदम उलगडतं. त्यामुळे आमचा मुलगा "एक"वर होता यात आकाशपाताळ एक करण्यासारखं काही नव्हतं. लक्ष द्यायला हवं होतं ते अंतराकडे, म्हणता येतं शंभर आणि कळतं एक.

मग हे आकडे आले कुठून? याचं उत्तर जमिनीवर पडलेलं होतं. त्याला चुंबकाचे आकडे दिले की तो ते डावीकडून उजवीकडे लावायचा नाही, उभे लावायचा, खाली ० आणि वर वर मोठे आकडे. लिफ्टची बटणं! लिफ्ट म्हणजे त्याचा जीव की प्राण, आजी रोज त्याला चार फेऱ्या मारून आणायची आणि प्रत्येक मजल्याला आकडा बोलायची, आणि आजीने हे फार प्रेमाने केलं होतं. पण त्यातून त्याला जे आकडे मिळाले ते जागांची नावं म्हणून मिळाले. तीन म्हणजे दार उघडतं ती एक जागा. तिसरा मजला कुणी कुणाला उचलून देऊ शकत नाही, मग "तीन दे" याचा त्याला काय अर्थ लागणार? तो चुकत नव्हता, त्याचा तीन आणि आपला तीन वेगळा होता.

वाचनाचंही तसंच निघालं. "चेंडू" असं कार्ड दाखवलं की खणखणीत आवाजात "चेंडू". चेंडू शेजारीच पडलेला, त्याच्याकडे बघणंसुद्धा नाही. वयाच्या मानाने खूप पुढचं वाचणं आणि अर्थ मागे राहणं याला हायपरलेक्सिया म्हणतात, नॉर्मन आणि मार्गारेट सिल्बरबर्ग यांनी १९६७ मध्ये हा शब्द वापरला, आणि ऑटिस्टिक मुलांच्यात हे बऱ्यापैकी दिसतं (सगळ्यांच्यात अजिबात नाही, कित्येकांना अक्षरांत काडीचाही रस नसतो आणि त्यांच्यासोबतचं काम पूर्ण वेगळं असतं). मी ते लेबल फाइलवर लावलं नाही. मला उपयोगी पडली ती १९८६ मधली गफ आणि टनमर यांची साधी मांडणी, की वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडता येणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू कितीही मोठी असली तरी दुसरी शून्याजवळ असेल तर उत्तर शून्याजवळच. आणि घरात-शाळेत सगळा भर आधीच मोठ्या असलेल्या बाजूवर चालला होता, अजून कार्डं, अजून शब्द.

आणखी एक बारीक गोष्ट सांगते कारण ती खूप ठिकाणी निसटते. दोन कार्डांमधून बरोबर कार्ड उचलायला सांगितलं की तो दर वेळी उजव्या हाताकडचं उचलायचा. बरोबर कार्ड निम्म्या वेळा उजवीकडे असणारच, त्यामुळे शाळेच्या नोंदवहीत "५० टक्के बरोबर" असं लिहिलेलं होतं आणि पालक ५० वरून ६० वर कधी जाणार याची वाट बघत होते. ते पन्नास टक्के वाचनाचे नव्हते, उजव्या हाताचे होते.

बोलणं मुख्यतः ऐकलेली वाक्यं परत म्हणण्याचं. त्यातलं सगळ्यात जास्त वेळा येणारं म्हणजे लिफ्टमधली घोषणा, "दरवाजा बंद होत आहे". शाळेत याला "असंबद्ध बडबड" म्हटलं गेलं होतं. आम्ही प्रत्येक वेळी ते वाक्य कधी येतं ते लिहून ठेवलं तर चित्र स्पष्ट होतं, काम लांबलं की येतं, अनोळखी माणूस फार जवळ आला की येतं. तो "बास आता" म्हणत होता. अशा पुनरुच्चाराला हेतू असतो हे बॅरी प्रिझंट यांच्यासारख्या अभ्यासकांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच दाखवून दिलंय, तरी अजूनही मुलांना त्यासाठी गप्प केलं जातं याचं मला मनापासून वाईट वाटतं. आमच्याकडे पहिल्या दिवसापासून नियम एकच, ते वाक्य आलं की काम थांबतं. त्याचा शिकण्यावर वाईट परिणाम झाला नाही, उलट थांबवता येतं हे कळल्यावर तो जास्त वेळ बसायला लागला.

हाताने शिकणं म्हणजे काय आणि काय नाही

आता मुद्द्याचं. शाळा काही वाईट नव्हती, तिथेही सगळं "हँड्स-ऑन"च चालायचं. अ च्या आकारात कापूस चिकटव, वाळूत बोटाने ग काढ, पाच फुगे रंगव, रंगीत अस्वलं मोजून वाटीत टाक. हा मुलगा यातलं काहीच करत नव्हता आणि म्हणून तो "भाग घेत नाही".

पण जरा बघूया ना त्या कृतींकडे. कापूस चिकटवताना हात काय करतोय? गोंद लावतोय, कापूस दाबतोय. त्यात अ चा आवाज कुठेही नाही, अ कशासाठी असतो तेही नाही, ते मूल त्या दिवशी कापूस चिकटवायला शिकतं. पाच फुगे रंगवताना पाचाऐवजी सात फुगे असते तरी हाताची कृती तीच राहिली असती. हात गुंतलेला असणं आणि हाताने शिकणं या वेगळ्या गोष्टी आहेत. माझं म्हणणं एवढंच की हात जी हालचाल करतोय तीच संकल्पना असायला पाहिजे, हालचाल चुकली तर संकल्पना चुकलेली दिसली पाहिजे आणि संकल्पना बदलली तर हालचाल बदलली पाहिजे. इतर मुलं कापूस चिकटवता चिकटवता बाईंचं बोलणं ऐकून, शेजारच्याकडे बघून, मधल्या गाळलेल्या जागा भरून काढतात. ऑटिस्टिक मुलाला नेमक्या त्याच गाळलेल्या जागा जड जातात, त्यामुळे ढिसाळ अ‍ॅक्टिव्हिटीचा फटका सगळ्यात आधी त्याला बसतो.

वाळूचं तर वेगळंच. त्याला हाताला काही चिकटलेलं सहनच व्हायचं नाही, वाळू, फोम, ओला रंग, काहीच नाही. स्पर्श, आवाज, प्रकाश यांना जास्त किंवा कमी प्रतिसाद हा २०१३ पासून डीएसएम-५ मध्ये (निदानाचे निकष देणारी पुस्तिका) ऑटिझमच्या निकषांचाच भाग आहे, त्यामुळे "सगळ्या मुलांना वाळू आवडते" हे वाक्य या मुलांसाठी वापरूच नये. त्याला काय आवडायचं ते बघितलं, गुळगुळीत लाकूड, घट्ट बसणारे तुकडे, आणि चुंबक लागताना येणारा "टक" असा आवाज. साहित्य त्यावरून ठरलं.

मग प्रश्न आला त्याच्या आवडीचा. सगळे सांगतात की मुलाची आवड वापरा, आणि आई-बाबांनी ती वापरलीही होती, मोजायला छोट्या गाड्या आणल्या. तो गाडी उचलायचा, उलटी करायचा आणि चाकं फिरवत बसायचा, मोजणं बाजूलाच. यात त्याचं काही चुकत नाही. मानसशास्त्रज्ञ जुडी डीलोश यांचे प्रयोग इथे फार शिकवून जातात. १९८७ मध्ये त्यांनी लहान मुलांना एका खोलीचं छोटं मॉडेल दाखवलं, मॉडेलमध्ये खेळणं कुठे लपवलं ते दाखवलं आणि मोठ्या खोलीत तसंच खेळणं शोधायला सांगितलं. तीन वर्षांच्या बहुतेक मुलांना जमलं, अडीच वर्षांच्यांना नाही. पुढच्या एका प्रयोगात तीन वर्षांच्या मुलांना आधी त्या मॉडेलशी खेळू दिलं, तर त्यांना ते जमणं कमी झालं, कारण ती वस्तू आता स्वतःच एक खेळणं झाली, दुसऱ्या कशाची खूण राहिली नाही. वस्तू स्वतःच इतकी मजेदार असेल तर ती "एक" या अर्थाने उभी राहू शकत नाही. म्हणून मोजायच्या वस्तू साध्या ठेवायच्या आणि आवड घ्यायची ती रचनेत. त्याच्या आवडीत गाडी होती, पण लिफ्ट गाडीपेक्षा कितीतरी मोठी होती, आणि लिफ्टच्या आत तर आकड्यांची अख्खी रचनाच होती.

टॉवर

केलं ते अगदी साधं. पुठ्ठ्याची एक उभी पट्टी, तिच्यावर खालून वर ०, १, २ असं ५ पर्यंत लिहिलेलं. एकसारखे, एकाच रंगाचे लाकडी ठोकळे, आणि एका ठोकळ्याची उंची बरोबर एका मजल्याएवढी. एक छोटी चौकोनी डबी म्हणजे लिफ्ट. लिफ्ट हवेत राहू शकत नाही, तिच्याखाली ठोकळे लागतात. लिफ्टला ३ वर न्यायचं असेल तर खाली तीन ठोकळे लावावेच लागतात, दोन लावले तर ती २ वर, चार लावले तर ४ वर. बटणाचं कार्ड मी द्यायचे, लिफ्ट तिथे पोचवायची त्याने.

त्याचा जागेचा तीन आणि आपला किती वाला तीन इथे एकमेकांना भेटतात, यात माझ्या मते सगळं आहे. आणि चुकलं तर कुणी "नाही, चूक" म्हणायची गरज पडत नाही, लिफ्टच सांगते. साहित्यानेच चूक दाखवायची ही कल्पना मारिया मॉन्टेसरी यांच्या शिक्षणपद्धतीत फार जुनी आहे, त्यांचं पहिलं बालगृह १९०७ चं, आणि त्यांच्या अंकदांड्या दहा सेंटिमीटरपासून एक मीटरपर्यंत वाढत जातात त्यातही हेच आहे. ज्या मुलाला माणसांचा नकार झोंबतो त्याला वस्तूचा नकार चालतो, असं या मुलाबाबत पुन्हा पुन्हा दिसलं. कार्डावरच्या आकड्यापेक्षा एक मजला खाली थांबलेली लिफ्ट बघून तो स्वतःहून अजून एक ठोकळा घ्यायचा, तेच मी "अजून एक" म्हटलं असतं तर त्याने कान झाकले असते.

पण इथे थांबलो असतो तर फसगत झाली असती. काही दिवसांनी तो झपाझप बरोबर करायला लागला, सगळे आनंदात, आणि नीट बघितलं तर तो ठोकळे मोजत नव्हता, नजर पट्टीवर ठेवून लिफ्ट आकड्याशी जुळेपर्यंत ठोकळे ठेवत सुटायचा. उंची जुळवणं हे काम वेगळं आणि संख्या वेगळी. म्हणून पट्टीवर एक झडप लावली. आधी कार्ड बघायचं, झडप बंद, ठोकळे लावायचे, लिफ्ट ठेवायची आणि मग झडप उघडायची. झडप उघडायचा क्षण त्याला इतका आवडायचा की त्यासाठी तो थांबायला तयार असायचा, हात झडपेवर ठेवून, ओठ हलवत, एक दोन तीन, आणि मग उघड. नंतर जाड ठोकळे आणि त्यांची वेगळी पट्टी, मग पातळ ठोकळे, म्हणजे तीनची उंची दर वेळी वेगळी पण तीन तेच. रंगही बदलत राहिलो, कारण तीन कायम निळे असले तर ही मुलं कधीकधी "तीन म्हणजे निळं" एवढंच पक्कं करून घेतात आणि आपल्याला महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही.

शून्याला फार मजा आली. ० चं कार्ड आलं की ठोकळा लावायचाच नाही, लिफ्ट नुसती जमिनीवर. पहिल्यांदा त्याने ठोकळा हातात घेतला, कार्ड बघितलं, ठोकळा परत डब्यात टाकला आणि मोठ्याने हसला. बऱ्याच मुलांना शून्य उशिरा कळतं, कारण शून्य वस्तू दाखवणार कशा? याला तळमजल्याने ते सहज दिलं.

टॉवरवरून सुट्या वस्तूंवर यायला मात्र वेळ लागला. टॉवरमधले तीन ठोकळे एकमेकांना चिकटून एक वस्तू होतात, पसरलेले तीन चिमटे तसे दिसत नाहीत. आधी टॉवर आडवा पाडला, मग ठोकळ्यांत फट ठेवली, मग फट वाढवली. मग आकडे लिहिलेले कप्पे आणि त्यात सुट्या झाकणांचा तेवढा ढीग. मग चमचे, किल्ल्या, मोजे. आणि प्रत्येक पायरीवर अडलं की परत झाकणांचा टॉवर करून लिफ्ट ठेवून बघायचं, हे त्याचं स्वतःचं तपासायचं साधन झालं. "किती?" या प्रश्नाचं उत्तरही तिथूनच आलं. मी विचारायचे, "लिफ्ट कुठे?", तो म्हणायचा "तीन", आणि मी लगेच "हो, तीन ठोकळे". काही आठवड्यांनी "किती ठोकळे?" असं थेट विचारलं तेव्हा त्याने परत एकपासून सुरू केलं नाही, "तीन" म्हणाला.

जास्त-कमी साठी शेजारी शेजारी दोन टॉवर, दोन लिफ्ट. एवढंच, त्यात फार काही सांगण्यासारखं नाही, ते पटकन झालं.

वाचन, म्हणजे वाचून काहीतरी घडणं

अक्षरं ओळखायला त्याला शिकवायचं नव्हतंच. शिकवायचं होतं ते हे की लिहिलेल्या शब्दाने काहीतरी होतं. त्यामुळे नामांची कार्डं बाजूला ठेवली आणि क्रियापदं घेतली: ठेव, काढ, उघड, दे, वर, खाली, फिरव. कार्ड वाचायचं आणि करायचं. "वर" वाचलं की लिफ्ट वर. नुसतं "वर" म्हणून थांबला तर मीही काही बोलायचे नाही, थांबायचे, कारण अशा वेळी मोठी माणसं घाईने हात धरून कृती करून घेतात आणि मुलाला वाटतं वाचायचं काम आपलं आणि करायचं काम त्यांचं. मी दुसऱ्या लिफ्टवर करून दाखवायचे, त्याची लिफ्ट त्याच्याकडे.

खरा बदल आला तो बाजू उलटवल्यावर. कार्ड त्याने लावायचं आणि मोठ्यांनी करायचं. त्याला चाक फिरवून बघायला आवडतं, म्हणून एक मोठं चाक माझ्या मांडीवर आणि अक्षरांच्या पाट्या त्याच्यापुढे. "फिरव" लागलं की चाक फिरणार, नाही लागलं तर नाही.

आणि इथे ऱ्हस्व वेलांटीने अडवलं. फ ची पाटी आणि वेलांटीची पाटी सुट्या होत्या. तो ऐकायचा फ आणि मग इ, म्हणून वेलांटी फ च्या उजवीकडे लावायचा, जे ऐकायला बरोबरच आहे. पण त्याच्या डोक्यात छापील "फिरव" पक्कं होतं, तिथे वेलांटी डावीकडे, आणि डावीकडे लावली तर आवाजाचा क्रम उलटा होतो. त्याने डावीकडे लावलं, उजवीकडे लावलं, परत डावीकडे, आणि मग सगळ्या पाट्या खाली ढकलून दिल्या. क्रम ज्याच्यासाठी इतका महत्त्वाचा आहे त्याला हे खरंच छळणारं आहे, ते नखरे नव्हेत. आपल्या लिपीत काना उजवीकडे, ही वेलांटी डावीकडे, मात्रा वर, उकार खाली, आणि सगळं वाचायचं मात्र व्यंजनानंतरच.

उपाय असा निघाला की सुट्या पाट्या बंद आणि वेलांटी-काना-मात्रा पारदर्शक प्लॅस्टिकच्या तुकड्यांवर. फ ची पाटी ठेवायची आणि तिच्या वर पारदर्शक तुकडा ठेवायचा. म्हणजे आधी फ, नंतर वेलांटी, हाताचा क्रम आणि आवाजाचा क्रम एकच, आणि बघायला मात्र वेलांटी आपोआप डावीकडे, छापल्यासारखी. चुंबकाच्या पट्टीमुळे बसताना "टक" आवाज. तुकडा काढला की "फरव", तेव्हा मी चाकाकडे बघून म्हणायचे, "फरव? फरव मला येत नाही." तुकडा टक, फिरव, चाक गरगर. तो हे कितीतरी वेळा करत बसला, तुकडा काढ, थांब, माझ्याकडे बघ, तुकडा लाव. माझ्याकडे बघ हे मी मागितलेलं नव्हतं, नजर मिळव असं आम्ही कधीच म्हणत नाही. शब्दाचा परिणाम माणसावर होतोय का हे बघायला त्याला माझा चेहरा लागत होता, म्हणून बघितलं.

त्या आठवड्यात घरी त्याने "आई फिरव" असं लावलं. दोन शब्द, स्वतःचे, कुणाचे ऐकून म्हटलेले नाहीत. आईने फोनवर सांगितलं तेव्हा तिला पुढचं बोलताच येईना.

पेन्सिल यात कुठेच नाही हे मुद्दाम. त्याची बोटांची पकड कच्ची आहे, त्यावर ऑक्युपेशनल थेरपिस्ट वेगळं काम करतात आणि ते चालू राहील. पण पेन्सिल धरता येईपर्यंत लिहिणं थांबवून ठेवायचं हे मला पटत नाही. लिहिणं म्हणजे मनातलं चिन्हांत मांडणं, ते पाट्यांनी होतं, कीबोर्डने होतं.

मोठ्यांनी काय बदललं

कामाची मांडणी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात १९७२ पासून चालू असलेल्या, ऑटिस्टिक व्यक्तींसाठीच्या टीच (TEACCH) कार्यक्रमाच्या पद्धतीची, डावीकडे तीन ट्रे, उजवीकडे "झालं"चा डबा. किती काम आहे, कधी संपणार आणि मग काय, हे त्याला विचारावं लागत नाही, दिसतं. दोनच आठवड्यांत "दरवाजा बंद होत आहे" कमी झालं. आम्ही ते वाक्य बंद केलं नाही, शेवट समोर दिसायला लागल्यामुळे मागायची गरज कमी पडली. त्याच्यासोबत "बास" असं कार्डही दिलं, कारण शाळेत ते लिफ्टचं वाक्य सगळ्यांना कळेलच असं नाही, आणि हे कार्ड दाखवलं तर मान ठेवायचा ही अट शाळेला लेखी दिली.

बाबांना सगळ्यात अवघड गेलं ते गप्प बसणं. प्रश्न विचारायचा, दोन सेकंदांत परत विचारायचा, मग शब्द बदलून विचारायचा, मग उत्तरच सांगून टाकायचं. प्रत्येक नव्या शब्दरचनेने मुलाचं चाललेलं काम पुसलं जातं आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. मनात दहा आकडे मोजायचे ठरवलं. पहिल्या दिवशी बाबा घामाघूम, पण नवव्या-दहाव्या आकड्याला मुलाचा हात हलताना बघितल्यावर मात्र त्यांना वेगळं समजवावं लागलं नाही. दुसरं म्हणजे डोळे. आपण उत्तराकडे बघतो, मूल आपले डोळे वाचतं आणि बरोबर उचलतं, म्हणून आम्ही कार्डं मांडून नजर टेबलाच्या कडेवर ठेवायचो. कार्डांच्या जागा दर वेळी बदलायच्या, दोन नाही तर तीन-चार कार्डं, म्हणजे उजव्या हाताची सवय उघडी पडते. मदत लागलीच तर आधी थांबणं, मग बोटाने इशारा, मग करून दाखवणं. त्याचा हात धरून करून घेणं नाही. तो हात त्याचा आहे.

आजीच्या लिफ्टच्या फेऱ्या बंद करायच्या का, असं घरच्यांनी विचारलं होतं. अजिबात नाही! फक्त खिशात पाच झाकणं ठेवायला सांगितलं, प्रत्येक मजल्याला एक झाकण त्याच्या हातात, उतरताना एक परत. तीनवर पोचल्यावर हातात तीन. आजीचं हे इतकं छान चालतं की टॉवरपेक्षा जास्त काम कदाचित तिथेच झालं असेल.

सध्या कुठे आहे

पाचपर्यंत कुठल्याही वस्तू, कुठल्याही खोलीत, घरातल्या कुणीही मागितल्या तरी देतो. अनोळखी माणसाने "किती?" विचारलं तर अजूनही कधीकधी एकपासून सुरू करतो, त्यामुळे शाळेतल्या दोन नव्या माणसांसोबत तेच चालू आहे. सात-आठपर्यंत टॉवर जमतो, सुट्या वस्तू डगमगतात. "लिफ्ट दोनवर आहे, अजून एक वर" याचं उत्तर ठोकळा लावायच्या आधी सांगतो, म्हणजे बेरजेची सुरुवात झाली असं म्हणायला हरकत नाही.

वाचनात दोन कृतींचं कार्ड करतो, "डबा उघड, किल्ली काढ". चार-पाच शब्दांची कार्डं स्वतः लावतो, बहुतेक मागण्या, आणि मध्ये एकदा "नको वाळू". ते कार्ड शाळेला दाखवलं आणि वाळूचा ट्रे त्याच्यासाठी ऐच्छिक झाला. गोष्ट वाचून "का" सांगणं अजून लांब आहे, त्यासाठी आता त्याच्याच दिवसाचे फोटो क्रमाने लावून त्याखाली ओळ लिहिणं सुरू केलंय.

पुढचा डोंगर म्हणजे दहाच्या पुढचे आकडे. २४ बघून तो क्षणात "चोवीस" म्हणतो, पण बोलताना चार आधी आणि वीस नंतर, लिहिताना २ आधी आणि ४ नंतर, आणि त्या २ म्हणजे दोन दहा हे त्याला अजून माहीत नाही. त्यासाठी दहा ठोकळे एकत्र बांधून एक खांब केलाय, दोन खांब आणि चार सुटे ठोकळे असं करायचं आहे. पण सुटे दहा पक्के होईपर्यंत तो खांब कपाटात राहणार, आई-बाबांना कितीही घाई असली तरी.